उभारणीवर कर नाही

रविवारी सकाळी श्रीनिवास मेहेंदळे फाटकाजवळच्या फळ्यावर शेवटच्या शब्दाची शिरोरेघ ओढत होते, तेवढ्यात मागून रंगराव घुल्यांचा आवाज आला, "सेक्रेटरी, त्ये पयलं पुसा."

"काय पुसू?"

"कर्ज."

मेहेंदळ्यांनी आधी खडू खाली ठेवला आणि मग मान वळवली. सगळी नोकरी खडकीच्या दारूगोळा कारखान्यात झालेली. हिशेबाच्या टेबलावर का असेना, पण मागून कोणी अचानक बोललं तर हातातलं अलगद खाली ठेवायचं आणि मग वळायचं, ही तिथली सवय निवृत्तीनंतरही सुटली नव्हती.

फळ्यावर लिहिलं होतं: 'राज्य शासनाच्या निर्णयानुसार कर्जउभारणीवर कर नाही. – सेक्रेटरी.'

"अहो रंगराव, कर्ज पुसून कसं चालेल? बातमीच ती आहे."

"बातमी आत सांगा की. ह्ये फाटाक हाय. माज्या दुसऱ्या फ्लॅटाला आज भाड्याचं गिऱ्हाईक येतंय. दारातच कर्ज वाचलं तर त्ये गाडी आत घालंल व्हय? तितनंच रिव्हर्स मारंल."

इक्षुबन सोसायटी मांजरीत, रंगरावांच्याच उसाच्या शेतावर उभी होती. बिल्डरने ऊस काढला आणि नावात तेवढा शिल्लक ठेवला. पुढे गाव शहरात आलं, त्यामागून शहरातले दर आले, शहरातलं पाणी मात्र मोठ्या रस्त्याच्या पलीकडच्या मेन लाइनपर्यंत येऊन थांबलं. रस्त्याच्या अलीकडे टँकर. आपल्याच खर्चाने तिथपर्यंत पाइप टाकायचा आणि त्यासाठी सोसायटीने बँकेचं कर्ज घ्यायचं, ही मेहेंदळ्यांची योजना. ती सभासदांच्या गळी उतरवता उतरवता दोन उन्हाळे गेले. उतरली म्हणेपर्यंत कोणीतरी आवई उठवली, की अशा कर्जावर आता स्थानिक अधिभार लागणार. लगेच अर्धी सोसायटी मागे सरकली. कर्ज परवडेल पण कर्जावरचा कर परवडणार नाही, असं जो तो जिन्यात थांबून दुसऱ्याला सांगू लागला.

आणि काल राज्य शासनाचा निर्णय आला. पाणी, वीज आणि सांडपाणी यांच्या सोयींसाठी केलेल्या कर्जउभारणीवर, आणि त्या कर्जातून झालेल्या कामावर, स्थानिक स्वराज्य संस्थांनी कर, उपकर, अधिभार यांपैकी काहीही लावायचं नाही. मेहेंदळ्यांनी निर्णय मोठ्याने वाचला, पुन्हा वाचला, जेवताना पुन्हा वाचला. "मला पाठ झालाय. आता दुसऱ्या कोणाला तरी सांगा," असं मंदाकिनीबाई म्हणाल्या, म्हणून ते खाली फळ्यापाशी आले होते.

त्यांनी मनातल्या मनात जमाखर्च मांडला. एका बाजूला एक शब्द, दुसऱ्या बाजूला रंगराव. रंगरावांचे फ्लॅट दोन, म्हणजे मतं दोन, आणि दोन्ही मतं कर्जाच्या बाबतीत आधीच डळमळीत. त्यांनी ओलं फडकं घेतलं आणि 'कर्ज' पुसलं. उरलं ते 'उभारणीवर कर नाही.' व्याकरण कुठे मोडलं नव्हतं. उलट एक शब्द कमी झाल्यामुळे वाक्याला ऐट आली होती.

वर गॅलरीत मंदाकिनीबाई कपडे वाळत घालत होत्या. त्या म्हणाल्या, "अहो, कशाच्या उभारणीवर?"

"कर्जाच्या. सगळ्यांना माहीत आहे."

"सगळ्यांना माहीत असतं तर फळा कशाला लागला असता?"

मेहेंदळ्यांनी हे ऐकलं नाही. म्हणजे ऐकलं, पण लग्नाला पस्तीस वर्षं झाल्यावर जे ऐकायचं नसतं त्यात टाकलं.

दोन-तीन दिवस शांततेत गेले. मग एका दुपारी वेल्डिंगच्या आवाजाने त्यांची झोप मोडली. ते खाली उतरले, तर रंगरावांच्या तळमजल्याच्या दारासमोर मोकळ्या जागेत चार लोखंडी खांब रोवलेले आणि वर दोन माणसं पत्रे ठोकताहेत. खांबांच्या मधोमध रंगरावांचा ट्रॅक्टर. जमीन विकली, बैलजोडी विकली, पण ट्रॅक्टर विकायला रंगरावांचं मन घेत नव्हतं. आठवड्यातून एकदा ते त्यावर बसून नुसतं इंजिन चालू करत. सोसायटीभर धूर होई आणि रंगरावांना बरं वाटे.

"रंगराव, हे काय?"

"उभारनी."

"कसली उभारणी?"

"शेडची. रविवारच्या गिऱ्हाइकानं इचारलं, गाडीला सावली हाय का? म्या म्हनलं, करू की. त्यात तुमी लिव्हलंय कर न्हाय म्हनून. सरकार येवढं म्हनतंय, तर आपन कशाला मागं ऱ्हायाचं?"

"अहो, ती कर्जाची उभारणी!"

"तितं कर्ज कुटं लिव्हलंय?"

"तुम्हीच पुसायला लावलंत!"

"लावलं की. पर तुमी पुसलं म्हंजी त्येला काय तरी आधार आसंलच. सेक्रेटरी मानूस, कायद्याचं उगा कोन सांगतंय म्हनून पुसाल व्हय?"

ह्या वाक्याचा पूर्वार्ध मेहेंदळ्यांचा मान होता आणि उत्तरार्ध त्यांचा अपमान. पण दोन्ही इतके घट्ट शिवलेले होते, की उसवायचं कुठून ते कळेना. ते वर निघाले. जिन्यात दुसऱ्या मजल्यावर त्यांचं डोकं कशावर तरी आपटलं. कालपर्यंत तिथे मोकळी वाट होती. आज लोखंडी जाळीचं दार होतं, दाराच्या आत चपलांचं कपाट, एक वॉशिंग मशीन, आणि मशीनमागून डोकावणारे केदार पानसे. पानसे बारावीच्या मुलांचे गणिताचे क्लास घेत. समोरच्याला उत्तर येत नाही हे गृहीत धरूनच ते बोलत.

"वाकून या, मेहेंदळे. जाळी नवीन आहे."

"हा सगळ्यांचा पॅसेज आहे, पानसे."

"होता. फळा आपणच लिहिलात ना?"

"मी कर नाही म्हटलं. परवानगी आहे असं कुठे म्हटलं?"

"ज्यावर कर नाही असं शासन मुद्दाम सांगतं, ते करायला शासनाची हरकत नसणार. नसत्या गोष्टीला सूट कोण देतं?" पानसे म्हणाले आणि त्यांनी मशीनचं बटण दाबलं. मशीन घरघरायला लागलं, त्यामुळे मेहेंदळ्यांचं उत्तर धुऊन निघालं.

गच्चीवर जायचं त्यांच्या मनात नव्हतं. पण पाय गेले. टाकीशेजारी प्लाय आणि काचेची एक टुमदार खोली उभी होती, आत एसी, आणि एसीसमोर कानाला हेडफोन लावून स्पृहा वानखडे. ही वरच्या मजल्यावरची, मूळची अमरावतीची, आयटीत नोकरी करणारी मुलगी. तिने एक बोट वर केलं, कॉल संपवला आणि हसून दार उघडलं.

"अंकल, थँक यू सो मच! घरी रूममेटचाही कॉल असतो, माझाही असतो. दोघी ओरडून राहिलो होतो. मग तुमची नोटीस बघितली. मी तर फोटो काढून ग्रुपवर पण टाकला. स्टेटचं आहे म्हणजे फुल सेफ ना?"

"ग्रुपवर?"

"हो ना. एकोणतीस लाइक्स आलेत. कोणाच्याच नोटिशीला एवढे नाही आले आजवर."

आयुष्यात मेहेंदळ्यांच्या कोणत्याही मजकुराला एकसुद्धा लाइक आला नव्हता. त्यामुळे घाबरायच्या आधी ते क्षणभर सुखावले, हे त्यांना स्वतःलाच आवडलं नाही.

संध्याकाळी बँकेतून फोन आला. कर्ज मंजूर होतं. मात्र पैसे सुटण्याआधी मिळकतकर खात्याचा एक दाखला हवा होता: सोसायटीच्या मिळकतीवर कोणतीही थकबाकी नाही आणि नवीन आकारणी सुरू नाही. निरीक्षक येऊन पाहणी करून जातील. एप्रिलच्या आत दाखला आला, तर पाइप कडक उन्हाळ्याआधी. नाही आला, तर मंजुरीची मुदत संपणार आणि पुन्हा पहिल्यापासून अर्ज.

मेहेंदळ्यांनी फोन ठेवला आणि डोळे मिटले. दोन उन्हाळ्यांची मेहनत, घरोघरी जाऊन प्यायलेले चहा, कर्ज या शब्दाला बिचकणाऱ्या माणसांना दिलेला धीर, हे सगळं आता एका पत्र्याच्या शेडखाली, एका जाळीच्या दारामागे आणि एका काचेच्या खोलीत अडकलं होतं. निरीक्षकाने यातली एक जरी वस्तू मापली, तरी नवी आकारणी सुरू झाली. आणि एकदा सुरू झालेली आकारणी मिटवणं म्हणजे... कारखान्यात त्यांनी एका हरवलेल्या शिडीची नोंद मिटवायला आठ वर्षं लावली होती.

"आता काय?" त्यांनी विचारलं.

"फळा पुसा आणि खरं काय ते लिहा," मंदाकिनीबाई म्हणाल्या. "त्यात काय एवढं?"

"नुसतं पुसून नाही चालत. प्रसृत झालेला मजकूर आहे. शुद्धिपत्रक काढावं लागेल."

"काढा. फक्त यावेळी मला दाखवून काढा."

त्यांनी दाखवलं नाही. शुद्धिपत्रक काढण्यात ते कारखान्यात सगळ्यांत वाकबगार होते. त्यासाठी बायकोची सही घ्यायची वेळ अजून आली नव्हती. त्यांनी बारीक, कोरीव अक्षरात लिहिलं: 'शुद्धिपत्रक. उभारणी याऐवजी कर्जउभारणी असे वाचावे. इतर सर्व बांधकामांवर कर लागू राहील.' आणि मग, जे प्रत्येक शुद्धिपत्रकाखाली लिहायचं असतं आणि नाही लिहिलं तर ऑडिटला आक्षेप येतो, तेही हाताच्या सवयीने लिहिलं: 'अंमल १ मार्चपासून.'

फेब्रुवारी अजून अर्धा बाकी होता.

दुसऱ्या दिवशी सोसायटीत सिमेंटची गाडी आली. तिच्यामागून फरशीवाला. त्याच्यामागून दोन सुतार. ज्यांच्या स्वप्नातही बांधकाम नव्हतं, अशी माणसं एक मार्चच्या आत काहीतरी उभारून टाकायच्या धांदलीत पडली. कोणी गॅलरीला खिडक्या बसवल्या, कोणी जिन्याखाली कोठी केली. चौथ्या मजल्यावरच्या हिराताई शिंद्यांनी तर काय उभारावं हे सुचेना म्हणून दारात नुसता एक ओटा बांधून घेतला.

"ओटा कशाला, हिराताई?"

"बघू पुढं कशाला ते. सूट आहे तोवर घालून ठेवलेला बरा. मार्चनंतर महाग पडतं म्हणतात."

"कोण म्हणतं?"

"तुम्हीच की. फळ्यावर आहे."

मेहेंदळ्यांनी तातडीची सभा बोलावली. सभेत त्यांनी शांतपणे, एक शब्द न पुसता, सगळं पुन्हा सांगितलं. निरीक्षक येणार. त्याने हे पाहिलं तर दाखला नाही. दाखला नाही तर कर्ज नाही. कर्ज नाही तर पाइप नाही. पाइप नाही तर पुन्हा टँकर. तेव्हा ज्याने त्याने उभारलेलं काढावं.

"शुद्धिपत्रकाच्या आधीचं काढायचं कारण नाही," पानसे बसल्या जागेवरून म्हणाले. "अंमल एक मार्चपासून आहे. मागच्या तारखेपासून लावता येत नाही. हे आपल्याला आम्ही सांगायचं का?"

"अहो, तो नियम सरकारचा नाही, माझा आहे!"

"मग तर जास्तच पाळायला हवा."

"आन् काडायचं म्हंजी?" रंगराव उठून उभे राहिले. "पत्रं काय फुकाट आल्यात? वेल्डिंगवाला म्हनतोय, काडायचं बी तेवढंच घेनार."

पाणी कोणालाच नको होतं असं नव्हतं. पण पाणी सगळ्यांचं आणि शेड एकट्याची. सगळ्यांच्या वस्तूसाठी एकट्याने सोडायचं म्हटलं, की माणूस आधी शेजाऱ्याकडे बघतो. सगळे एकमेकांकडे बघत बसले आणि सभा संपली. उठता उठता पानशांनी मात्र शासन निर्णयाची प्रत मागून घेतली. ती त्यांनी घरी नेऊन, गणित सोडवावं तशी, पेन्सिलीने खुणा करत वाचली. त्यात त्यांना सूत्र सापडलं. पाणी, वीज किंवा सांडपाणी यांपैकी एक सोय, आणि त्यासाठी काढलेलं कर्ज. दोन्ही असलं, की त्या कामावर कर नाही. सूत्र त्यांनी ग्रुपवर टाकलं. सभासदांकडे सोयी नव्हत्या आणि कर्जही नव्हतं. पण निरीक्षक यायला अजून वेळ होता.

निरीक्षक संपत ढमाले मार्चच्या पहिल्या आठवड्यात आले. सावळा, बारीक, घाम पुसत बोलणारा माणूस. मार्च म्हणजे त्यांच्या खात्याची लगीनघाई, त्यामुळे ते सकाळपासून बाहेर होते. मंदाकिनीबाईंनी ताक दिलं. त्यांनी ते एका दमात प्यायलं, बगलेतून टॅब काढला आणि म्हणाले, "चला साहेब, चक्कर मारू. काही नवीन नसेल तर पाच मिनिटांचं काम आहे."

 आपला चेहरा त्यांना दिसू नये म्हणून मेहेंदळे पुढे झाले.

शेडखाली रंगराव धुतलेल्या धोतरात उभे होते. ट्रॅक्टर नव्हता. त्याच्या जागी निळं पिंप, पिंपावर फळी, फळीवर पितळी तांब्या, आणि खांबाला खडूने लिहिलेलं: 'पान्याची सोय.'

"हे काय आहे?" ढमाल्यांनी विचारलं.

"पानी. कुनालाबी लागलं तर. कर्ज काडून केलंय, सायेब." रंगरावांनी 'कर्ज' हा शब्द असा उच्चारला, जसं एखादा घरातल्या पदवीधराचं नाव घेतो.

"कोणत्या बँकेचं?"

"मेव्हन्याचं."

"कागद?"

"कागद कशापायी? मेव्हना हाय की जिता. बोलावू का? हडपसरलाच ऱ्हातोय."

ढमाल्यांनी घाम पुसला आणि जिना चढायला लागले. दुसऱ्या मजल्यावर पानशांनी जाळीचं दार सताड उघडं ठेवलं होतं. मशीनची नळी त्यांनी मोठ्या कौतुकाने मोरीच्या पाइपला जोडून दाखवली. "सांडपाणी," ते म्हणाले. "आणि मशीन हप्त्यांवर आहे. हप्ता म्हणजे कर्जच. सिद्ध झालं." वाटेत हिराताईंच्या ओट्यावर एक बादली होती. ती पाहून ढमाल्यांनी काही विचारलंच नाही. गच्चीवर स्पृहाने काचेच्या खोलीच्या छपरावर हातभर सोलरची पाटी बसवली होती, तिच्यावर एक दिवा लुकलुकत होता.

"सर, इट्स बेसिकली अ युटिलिटी रूम. वीज आहे. आणि पूर्ण ईएमआयवर घेतलंय. क्रेडिट कार्डचं स्टेटमेंट दाखवू का? लोन तर इतकं आहे माझ्यावर, तुम्हाला कोणतं पाहिजे ते सांगा."

फाटकावरचा जो शब्द गिऱ्हाईक पळवेल म्हणून पुसला गेला होता, त्याच्या आज मजल्यामजल्यावर आरत्या चालल्या होत्या. मेहेंदळे मागून चालत होते. प्रत्येक मजल्यावर त्यांना वाटे, आता हा माणूस टेप काढणार.

गच्चीच्या कठड्याला टेकून ढमाल्यांनी टॅब उघडला. मागे सगळे उभे.

"हे बघा," ते म्हणाले. "कर्जातून केलेल्या पाणी, वीज, सांडपाण्याच्या कामाला मी हात लावायचा नाही, असं वरून आलंय. तुम्ही म्हणताय सगळं त्यातलंच. बांधकाम नियमात आहे का नाही ते त्या खात्याचे लोक बघतील. मी कराचा माणूस. मला फक्त एक रकाना भरायचाय." त्यांनी टॅब मेहेंदळ्यांपुढे धरला. "खासगी, की सामायिक सोय? तिसरा पर्याय नाही ह्यात. खासगी म्हटलं की सूट गेली, मापं घेतो, आकारणी सुरू. सामायिक म्हटलं की कर नाही, आजच दाखला. सेक्रेटरी म्हणून तुमच्या तोंडून हवं."

मेहेंदळ्यांनी मागे पाहिलं. रंगराव डोळ्यांनी खुणावत होते. पानसे मान हलवत होते. स्पृहाने दोन्ही अंगठे वर केले होते. मेहेंदळे आयुष्यभर दुसऱ्यांच्या खर्चाला शीर्षकं देत आले होते. कोणती वस्तू कोणत्या शीर्षकाखाली गेली की पुन्हा बाहेर येत नाही, हे त्यांच्याइतकं गच्चीवर कोणालाच ठाऊक नव्हतं. त्यांनी घसा साफ केला.

"सभासदांनी एकदा मोठ्याने सांगावं," ते म्हणाले. "नंतर माझ्यावर नको."

"सामायिक! सामायिक!" सगळे म्हणाले. रंगराव तर दोनदा म्हणाले, दोन फ्लॅटांची दोन मतं असल्यासारखे.

"सामायिक," मेहेंदळ्यांनी ढमाल्यांना सांगितलं.

त्या संध्याकाळी सोसायटीत सणासारखं वातावरण होतं. करही नाही आणि काढायचंही नाही. पानशांनी सूत्राबद्दल अभिनंदन स्वीकारलं. दाखला बँकेत गेला, आठवड्यात पैसे सुटले, आणि रस्त्यापलीकडे पाइपासाठी चर खणायला सुरुवात झाली. मेहेंदळे रोज सकाळी चर किती पुढे आला ते पाहायला जात आणि परत येऊन मंदाकिनीबाईंना सांगत.

एका सकाळी ते सांगायला आले, तर मंदाकिनीबाई घरात नव्हत्या. पोळपाट, लाटणं आणि मोठी परातही नव्हती.

त्या रंगरावांच्या शेडमध्ये होत्या. सोबत आणखी सहा-सात बायका, सतरंज्या, आणि उडदाच्या पापडांचं पीठ.

"रंगरावांना विचारलंत का?" मेहेंदळ्यांनी हळूच विचारलं.

"त्यांना कशाला? तुम्हीच सामायिक म्हणून सांगितलंत ना? लाटायला सावली आणि समोर वाळवायला ऊन, अशी जागा सोसायटीत दुसरी कुठे आहे?"

मग बाकीच्यांनाही उमगलं. दुसऱ्या मजल्यावरच्या चारही बिऱ्हाडांचे कपडे पानशांच्या मशीनमध्ये पडू लागले. पानसे म्हणाले, मशीन माझं आहे. शेजारी म्हणाले, मशीन तुमचं असेल, सोय सगळ्यांची आहे, सिद्ध तुम्हीच केलंत. गच्चीवरच्या गार खोलीत दुपारी निवृत्त मंडळींचा पत्त्यांचा अड्डा बसू लागला. स्पृहाच्या मीटिंगमध्ये बंगलोरच्या साहेबाने एकदा अगदी अदबीने विचारलं, की हे 'बदाम सत्ती टाका' म्हणजे नक्की कोणतं डिलिव्हरेबल आहे?

स्पृहा संध्याकाळी मेहेंदळ्यांच्या दारात आली. "अंकल, ते चेंज करता येईल का? प्रायव्हेट करा ना. टॅक्स भरते मी."

तिच्यामागून पानसे आले आणि त्यांच्यामागून रंगराव, हातात टोपी घेऊन.

"सेक्रेटरी, माज्या शेडला कर लावा," रंगराव म्हणाले. "ट्रॅक्टर उन्हात तापतोय. दुप्पट लावा, पर लावा."

मेहेंदळ्यांनी तिथल्या तिथे ढमाल्यांना फोन लावला आणि स्पीकर सुरू केला.

"नाही हो जमणार," ढमाले म्हणाले. "कर लावायचा मला अधिकारच नाही. राज्याने मनाई केलीय."

"आवो पर मी राजीखुशीनं भरतो की!" रंगराव फोनवर ओरडले.

"राजीखुशीनेही घेता येत नाही. पावती कशाची फाडू?"

तरीही ते तिघे दुसऱ्या दिवशी कार्यालयात गेले. मार्चअखेरची रांग दारापर्यंत आली होती. पुढचा माणूस वळून आपुलकीने म्हणाला, "तुमचा किती कमी करून घ्यायचाय?" रंगराव म्हणाले, "कमी न्हाय. लावून घ्यायचाय." माणूस पुढे सरकला. मग त्याच्यापुढचाही सरकला. खिडकीवरच्या बाईंनी अर्ज उलटसुलट करून पाहिला आणि असा अर्ज आवक करायला आपल्याकडे शिक्काच नाही, असं सांगून परत दिला.

दुपारी रंगराव घरी आले. उन्हाने डोकं तापलं होतं. शेडमध्ये पापड संपून कुरडयांचा घाट चालला होता, आणि बाहेर ट्रॅक्टरच्या बॉनेटवर स्वच्छ धोतर पसरून त्यावर साबुदाण्याच्या पापड्या घातलेल्या होत्या. धोतर ओळखीचं होतं. रंगराव खांबाशी, पण खांबाच्या बाहेरच्या बाजूला, उभे राहिले.

मंदाकिनीबाईंनी सोऱ्या थांबवून वर पाहिलं.

"अहो रंगराव, उन्हात का उभे? आत या ना. आपलंच आहे."

ह्यातलं 'आपलं' म्हणजे अदबीने म्हटलेलं तुमचं, की सगळ्यांचं मिळून आपलं, हे विचारावं म्हणून रंगरावांनी तोंड उघडलं.

"आणि येताना," मंदाकिनीबाई म्हणाल्या, "बॉनेटवरच्या पापड्या तेवढ्या उलटून या."